नवशिक्याची गिटार: आधी तारेची उंची, मग बोटं

शिकायला म्हणून घेतलेली गिटार कपाटावर जाते ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. कारणं ठरलेली असतात: बोटं फार दुखतात, बोटं आखूड आहेत, आपल्या अंगात तालच नाही. यातलं पहिलं दुखणं पुष्कळदा बोटांचं नसून गिटारचं असतं. दुसरं कारण मोठ्या माणसाच्या बाबतीत जवळजवळ कधीच खरं नसतं. आणि तिसऱ्यामागे बहुधा एकच सवय सापडते, कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची पकड, बदलताना उजवा हात थांबवण्याची. तेव्हा कॉर्डच्या आकृत्या कुठेही मिळतील, इथे जास्त जागा या दोन गोष्टींना दिली आहे: तार फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासून, किती वर आहे, आणि उजवा हात चालत राहतो का.

गिटार निवडताना

गाणं म्हणत वाजवायचं असेल तर स्टीलच्या तारांची अकूस्टिक घ्यावी. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ लागते, पण तिची मान रुंद असते. खुंट्यांजवळ अकूस्टिकची मान साधारण ४३ मिलिमीटर भरते, क्लासिकलची ५२. सात ते दहा वर्षांच्या मुलांना छोट्या मापाची, ३६ इंची नायलॉनवाली गिटार बरी. इलेक्ट्रिक बोटांना सगळ्यात हलकी, मात्र अँप्लिफायरचा खर्च वेगळा. क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. स्टीलचा संच मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण देतो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास. तो जादा ताण ब्रिज, म्हणजे पुढच्या फळीवर तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा, उचकटून काढू शकतो.

दुकान नाशिकच्या मेन रोडवरचं असो की कॉलेज रोडवरचं, गणपती-दिवाळीच्या गर्दीत जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, म्हणजे दुकानदाराला वेळ असतो आणि तुम्हाला तार ऐकू येते. सोबत वाजवणारं कोणी नसलं तरी चालेल. खिशात तीन-चार जुनी एटीएम कार्डं आणि एक व्हिजिटिंग कार्ड असलं की काम भागतं.

एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, सगळ्या बँकांची सारखीच. उठावदार अक्षरं असलेली कार्डं टाळा, सपाट घ्या. आधी गिटार सुरात लावून घ्या, कारण सैल तारांवर कुठलंच माप खरं येत नाही. मग बाराव्या फ्रेटवर, म्हणजे त्या धातूच्या पट्टीच्या माथ्यावर, तीन कार्डं एकावर एक ठेवून सगळ्यात जाड तारेखाली सरकवा. तीन कार्डं तारेला जेमतेम टेकत बसली तर उंची सव्वादोन-अडीच मिलिमीटर आहे, उत्तम. चार कार्डं घासून बसली तर तीन मिलिमीटर, थोडं काम करून घ्यावं लागेल. चार कार्डं ठेवूनही वर मोकळी फट दिसत असेल तर ती गिटार खाली ठेवा, मग तिचा रंग कितीही चकचकीत असो. बारीक तारेखाली दोन कार्डं आणि थोडी जागा, इतकंच हवं.

दुसरी तपासणी मानेची. जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा. दाबलेली तार आता सरळ पट्टीचं काम करते. सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी बारीक फट असावी. एटीएम कार्ड जात असेल तर मान पुढे वाकली आहे. फटच नसेल तर मान मागे गेली आहे आणि तारा घरघरतील.

तिसरी तपासणी नटची. नट म्हणजे खुंट्यांच्या अलीकडची, खाचा असलेली पांढरी पट्टी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. साध्या कागदाएवढी उरली तर ठीक. एटीएम कार्डाएवढी दिसली तर पुढे एफ कॉर्ड तुम्हाला रडवणार, आणि त्यात तुमच्या बोटांचा काही दोष नसेल.

राहिलेलं पटकन आटपतं. मानेच्या कडेवरून हात फिरवा, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा, कुठे घरघर होते का ते कळेल. शेवटी बारावा फ्रेट दाबून येणारा सूर ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) मोकळ्या तारेच्याच नावाचा आणि काट्यावर बरोबर आला पाहिजे.

घरी आधीच पडून असलेली गिटार या परीक्षेत नापास झाली तरी टाकून देऊ नका. उंची कमी करायला ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, खालच्या बाजूने घासतात. सॅडल एक मिलिमीटर घासली की बाराव्या फ्रेटवरची उंची निम्म्याने, म्हणजे अर्धा मिलिमीटर उतरते. हा हिशेब न करता घासत सुटलं की तारा फ्रेटला टेकतात आणि नवी सॅडल विकत आणावी लागते. मानेचा वाक आतल्या ट्रस रॉडने, म्हणजे मानेत बसवलेल्या धातूच्या दांडीने, काढतात. एका वेळी पाव फेरा फिरवायचा, पुन्हा सुरात लावायचं, मग मोजायचं. पहिल्यांदा हे जाणत्याकडूनच करून घ्या.

तारांचा संच घेताना ०.०१० किंवा ०.०११ मागा. हा आकडा सगळ्यात बारीक तारेची इंचातली जाडी असते. पुष्कळ गिटारवर ०.०१२ चढवलेल्या असतात. आवाज भरदार येतो, पण नव्या बोटांना तो महिनाभर महाग पडतो.

सुरात लावणं

तारा जाडकडून बारीककडे मोजल्या तर सहावी, पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. त्यांची नावं ई, ए, डी, जी, बी, ई. हार्मोनियमची ओळख असेल तर पांढरी एकला सा धरून हेच सूर ग, ध, रे, प, नी, ग असे येतात. दोन 'ग' मध्ये दोन सप्तकांचं अंतर आहे. फ्रेट म्हणजे हार्मोनियमची एक पट्टी, काळी-पांढरी सगळ्या धरून. बारा फ्रेट ओलांडले की एक सप्तक पूर्ण.

ट्यूनरचं मोफत अ‍ॅप चालतं, पण क्लिपचा ट्यूनर घेतलेला बरा. क्लिप लाकडाच्या कंपनावर चालते, अ‍ॅप माइकवर. नाशिकमध्ये गणपतीच्या आधीपासून संध्याकाळी ढोलाचा सराव सुरू झाला की माइकवरचं अ‍ॅप वेड्यासारखं नाचतं, क्लिपला त्याचं सोयरसुतक नसतं.

सूर नेहमी खालून वर आणायचा. तार चढी झाली असेल तर आधी सुरापेक्षा खाली उतरवा, मग हळूच वर न्या. वरून खाली येऊन थांबलात तर खुंटीच्या दात्यांत ढिलाई राहते आणि दोन मिनिटांत तार उतरते. नवशिक्याची पहिली तार तुटते त्याची दोन कारणं असतात. एक, खुंटी एका तारेची फिरवतो आणि वाजवतो दुसरीच, त्यामुळे काटा हलत नाही आणि खुंटी फिरतच राहते. म्हणून खुंटीपासून तारेपर्यंत बोट फिरवून खात्री करा. दोन, तार सुराच्या वर गेलेली असताना ट्यूनर भलतंच अक्षर दाखवतो आणि आपण ती आणखी वर ओढत नेतो. आधी अक्षर बघा, काटा नंतर. पहिली तार बोटाखाली वायरसारखी ताठ लागली आणि अजूनही अक्षर जुळत नसेल, तर थांबा, तुम्ही सूर ओलांडून पुढे गेला आहात.

ट्यूनर नसेल तेव्हा सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की पाचव्या मोकळ्या तारेचा सूर येतो. पाचवीवरून चौथी, चौथीवरून तिसरी तशीच. फक्त तिसरीवरून दुसरी लावताना चौथा फ्रेट धरायचा, आणि दुसरीवरून पहिली पुन्हा पाचव्यावर.

धरणं आणि दाबणं

बिनहाताच्या खुर्चीवर बसा. गिटार उजव्या मांडीवर, पाठ ताठ, गिटारचं तोंड समोर. फ्रेट दिसावेत म्हणून गिटार छताकडे कलती केली की डावं मनगट मुडपतं आणि तिथून सगळं बिघडतं. घरात जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल तर गिटारचा पट्टा लावा, नाहीतर डावा हात वाजवायचं सोडून मान सावरत बसतो.

डावा अंगठा मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर. डाव्या हाताची नखं मांसाच्या आत कापलेली. उजव्या हाताला सूट आहे. बोटाचं टोक फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे पडलं पाहिजे. पट्टीवर पडलं तर आवाज दबतो, दोन पट्ट्यांच्या मधोमध पडलं तर दुप्पट जोर लागतो आणि तरी तार घरघरते.

किती दाबायचं हे सांगून कळत नाही, करून कळतं. तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर नुसती स्पर्श करून ठेवा आणि उजव्या हाताने एकसारखी छेडत राहा. ठक-ठक असा मेलेला आवाज येईल. आता डाव्या बोटाचा दाब केसाकेसाने वाढवा. आधी घरघर येईल, मग एका क्षणी सूर स्वच्छ होईल. तिथेच थांबा, तेवढाच दाब लागतो. बहुतेकांना हसू येतं, कारण आतापर्यंत ते याच्या दुप्पट जोर लावत असतात.

बोटांची टोकं पहिले दोन-तीन आठवडे दुखणार, ते ठीक आहे. छाटणीच्या कात्रीने किंवा कंपनीतल्या पान्याने पडलेले घट्टे इथे कामाला येत नाहीत. ते तळहातावर असतात, इथे लागतात बोटांच्या अगदी टोकाला. अंघोळीनंतर किंवा भांडी घासून लगेच वाजवायला बसू नका, भिजलेली कातडी सोलवटते. टोकांऐवजी मनगट किंवा अंगठ्याचा बुंधा दुखत असेल तर मात्र गिटार खाली ठेवा. अंगठ्याने मान आवळली जाते आहे किंवा मनगट फार वळलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पहिला आठवडा कॉर्डला हात न लावता सरगम वाजवा. सा पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. रे चौथी मोकळी, ग चौथीवर दुसरा, म चौथीवर तिसरा. प तिसरी मोकळी, ध तिसरीवर दुसरा. नी दुसरी मोकळी आणि वरचा सा दुसरीवर पहिला फ्रेट. पहिल्या फ्रेटला तर्जनी, दुसऱ्याला मध्यमा, तिसऱ्याला अनामिका, ही बोटं बदलायची नाहीत. तोंडाने म्हणत वाजवा. कान आणि हात एकत्र बसतात, आणि लहानपणी गाण्याच्या क्लासला घातलेले चार महिने असे वसूल होतात.

कॉर्ड कुठल्या क्रमाने

जी, सी, डी असा सर्रास शिकवला जाणारा क्रम नव्या हाताला जड जातो. आधी ई मायनर: मध्यमा पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका चौथ्या तारेवर दुसऱ्याच फ्रेटला. दोन बोटं, सहाही तारा वाजतात.

मग जी: अनामिका सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मध्यमा पाचवीवर दुसऱ्या, करंगळी पहिलीवर तिसऱ्या. ई मायनरमधून इकडे येताना मध्यमा जागची हलत नाही. करंगळी दुबळी वाटते म्हणून पुष्कळ जण जी तर्जनी-मध्यमा-अनामिकेने धरतात. तसं करू नका. कारण पुढचा सी आहे: अनामिका पाचवीवर तिसऱ्या, मध्यमा चौथीवर दुसऱ्या, तर्जनी दुसरीवर पहिल्या फ्रेटला. करंगळीवाल्या जी मधून सी कडे जाताना अनामिका-मध्यमेची जोडी तशीच्या तशी एक तार खाली उतरते, फक्त तर्जनी टेकवायची. तीन बोटांवाल्या जी मधून गेलात तर सगळा पंजा मोडून नव्याने बांधावा लागतो.

सी मधून ए मायनर आणखी सोपा. तर्जनी आणि मध्यमा तिथेच, अनामिका तेवढी उचलून तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. शेवटी डी: तर्जनी तिसरीवर दुसऱ्या, अनामिका दुसरीवर तिसऱ्या, मध्यमा पहिलीवर दुसऱ्या. डी ला खालच्या, म्हणजे बारीककडच्या, चारच तारा वाजवायच्या, सी आणि ए मायनरला पाच.

कॉर्ड धरल्यावर एकेक तार सुटी छेडून बघा. घरघर आली तर बोट फ्रेटपासून लांब आहे किंवा दाब कमी आहे. ठक असा मेलेला आवाज आला तर शेजारचं बोट त्या तारेला चिकटलं आहे, तिथे जोर वाढवून काही होत नाही. सी मध्ये पहिली तार मरते, कारण तर्जनीचं पोट तिला टेकतं. डी मध्येही पहिलीच मरते, पण अनामिकेमुळे. जी मध्ये चौथी मरते, मध्यमा आडवी पडल्यामुळे. उपाय तिन्हीकडे एकच: बोटाचं शेवटचं पेर उभं करा, म्हणजे टोकच टेकेल.

बदल घोटायची पद्धत अशी. मोबाइलवर एक मिनिटाचं घड्याळ लावा, दोनच कॉर्ड घ्या, आणि मिनिटात किती बदल झाले ते मोजून वहीत लिहा. आवाज थोडा अस्वच्छ आला तरी मोजायचा. पहिल्या दिवशी आठ-दहा होतील. तीस झाले की त्या दोन कॉर्डचं गाणं हळू लयीत चालतं, साठ झाले की ती जोडी सोडून पुढे जा. जी आणि डी ही जोडी सगळ्यात हट्टी असते, तिला जास्त दिवस द्या.

उजवा हात थांबवायचा नाही

प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, ०.४६ ते ०.६० मिलिमीटरचा घ्या, पाच-सहा एकदमच घ्या, कारण ते सोफ्यात आणि वॉशिंग मशीनमध्ये जातात. तर्जनी वळवून तिच्या कडेवर प्लेक्ट्रम ठेवा, वरून अंगठा, आणि टोक चार-पाच मिलिमीटर एवढंच बाहेर. जास्त बाहेर राहिलं तर तारेत अडकून वळतं. हात कोपरातून न हलवता मनगटातून हलवा, हात धुतल्यावर पाणी झटकतो तसा.

केरव्याच्या आठ मात्रा मोजा. विषम मात्रांना हात खाली, सम मात्रांना वर. एक-खाली, दोन-वर, तीन-खाली, चार-वर, असा आठपर्यंत. हे लोलकासारखं चालूच राहणार, तार वाजो न वाजो. आता दुसरी आणि पाचवी मात्रा हवेत सोडा, म्हणजे हात हलेल पण तारेला लागणार नाही. उरलं ते असं: खाली, (हवेत), खाली, वर, (हवेत), वर, खाली, वर. असंख्य हिंदी-मराठी गाणी या एका ठेक्यावर निघतात. जो हे 'खाली, खाली-वर, वर-खाली-वर' असं नुसतं पाठ करतो त्याचा हात पाचव्या मात्रेला थबकतो आणि लय तिथेच लंगडते. हवेतली मात्रा ही या ठेक्यातली खरी अवघड जागा.

म्हणून पहिल्यांदा डावा हात सगळ्या तारांवर नुसता अलगद ठेवून छक-छक असाच आवाज काढा. मेट्रोनोमचं, म्हणजे एकसारखे ठोके देणारं, अ‍ॅप मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्यात दोन मात्रा. सलग चार आवर्तनं न अडखळता गेली की ४ ठोके वाढवा.

मग कॉर्ड आणा. इथे नियम कडक आहे: डावा हात वेळेत पोचला नाही तरी उजवा हात चालू राहणार. मोकळ्या तारा वाजतील, अर्धा कॉर्ड वाजेल, चालेल. आठव्या मात्रेला डावा हात आधीच उचला. त्या एका वरच्या फटक्याला मोकळ्या तारा वाजल्या तरी ऐकणाऱ्याला कळत नाही, थांबलेली लय मात्र खोलीतल्या सगळ्यांना कळते.

दादऱ्याला वेगळी युक्ती. 'धा धी ना, धा ती ना' म्हणत पहिल्या आणि चौथ्या मात्रेला फक्त जाड तार, बाकी चार मात्रांना खालच्या बारीक तारा, सगळे फटके खाली. बस्स.

सातपूर-अंबडच्या दुसऱ्या पाळीवरून घरी येऊन रात्री अकराला वाजवायचं असेल तर ब्रिजजवळ तारांखाली घडी घातलेला रुमाल सरकवा. आवाज भिंतीपलीकडे जात नाही, हाताचा सराव पूर्ण होतो.

रोज वीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं सरगम, सात-आठ कॉर्डबदल, उरलेली ठेका आणि गाणं. रविवारी एकदम दोन तास बसलात तर सोमवारी बोटं गिटारकडे बघणारही नाहीत. गिटार पिशवीत बंद न ठेवता स्टँडवर डोळ्यांसमोर ठेवली तर ही वीस मिनिटं आपोआप सापडतात, पावसाळ्याचे महिने सोडून. ते का, ते पुढे.

एफ

दुसऱ्या महिन्यापर्यंत एफच्या जागी एफ मेजर सेव्हन वाजवा. सीमधली अनामिका आणि मध्यमा एक तार खाली सरकवा, तर्जनी तिथेच: अनामिका चौथीवर तिसऱ्या, मध्यमा तिसरीवर दुसऱ्या, तर्जनी दुसरीवर पहिल्या फ्रेटला, पहिली तार मोकळी. बहुतेक गाण्यांत निभावतं.

पूर्ण एफ शिकायला पहिल्या फ्रेटवर सुरुवात करू नका. नटजवळ तार सगळ्यात ताठ लागते. पाचव्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाका, सपाट पोटाने न दाबता अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर किंचित कलती करा. बोटाच्या पेरांच्या घड्यांखाली एखादी तार आली तर ती मरते, तेव्हा बोट दोन-तीन मिलिमीटर वर-खाली सरकवून पाहा. मध्यमा तिसरीवर सहाव्या फ्रेटला, अनामिका पाचवीवर आणि करंगळी चौथीवर सातव्या फ्रेटला. हा ए मेजर झाला. तर्जनीला सहाही तारा दाबायच्या नसतात, पाचवी-चौथी-तिसरी बाकी बोटं सांभाळतात, हे लक्षात आलं की अर्धा जोर वाचतो. जोर अंगठ्याच्या चिमटीतून काढू नका. उजव्या हाताने गिटार अंगाशी धरून डावा कोपर किंचित मागे ओढा. इथे जमलं की दर दोन-तीन दिवसांनी एकेक फ्रेट खाली या. दुसऱ्या फ्रेटपर्यंत स्वच्छ येतं आणि पहिल्यावरच अडतं, असं झालं तर नटच्या खाचा उथळ आहेत. कागदाची ती तपासणी पुन्हा करा आणि खाचा खोल करून घ्या.

नाशिकची हवा आणि लाकूड

गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा याच्या बरीच वर असते, इगतपुरी-त्र्यंबककडे तर कपाटातले कपडेही ओलसर लागतात. लाकूड फुगतं, पुढची फळी वर येते आणि मे महिन्यात तीन कार्डांवर असलेली तार ऑगस्टमध्ये चार कार्डांवर जाते. तुमची बोटं अचानक कमजोर झालेली नसतात. पावसाळ्यात गिटार पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टांगू नका.

डिसेंबर-जानेवारीत उलट. निफाडकडचा गारठा कोरडा, लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं कडेला टोचू लागतात आणि तारा खाली येऊन घरघरतात. या दिवसांत सकाळी वाजवण्याआधी हात कोमट पाण्यात धरून नीट कोरडे करा. एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नका, अर्ध्या तासासाठीही नाही. आतला डिंक मऊ होतो आणि तारांचा ताण ब्रिज उचलतो.

तारा साधारण तीन-चार महिन्यांनी बदला, पावसाळ्यात आधीच. बोटाला खरखरीत लागली, काळपट डाग दिसले किंवा सुरात राहीना, की समजा संपली. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसल्या तर महिनाभर जास्त टिकतात. नवी तार बसवताना खुंटीपलीकडे पाचेक सेंटिमीटर जास्त ठेवा, म्हणजे जाड तारेचे दोन आणि बारीकचे तीन वेढे बसतात. वेढे वरून खाली उतरत गेले पाहिजेत. नंतर तार मधोमध धरून हळूच दोन-तीनदा ओढा आणि पुन्हा सुरात लावा, नाहीतर ती दोन दिवस उतरतच राहील. उरलेलं टोक लगेच कापा, ते डोळ्याच्या उंचीवर असतं.

गाणाऱ्याच्या पट्टीत

घरात कोणी गाणारं असेल तर पहिला प्रश्न येतो, 'काळी एकमध्ये वाजवशील का?' म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून. इथे कॅपो लागतो, एका फ्रेटवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. काळी एकला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी च्या कुटुंबातले कॉर्ड वाजवा. काळी दोनला तेच, तिसऱ्या फ्रेटवर. बायकांच्या आवाजाला बहुधा लागणारी काळी चार म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जी चे कॉर्ड, काळी पाचला जी चेच, तिसऱ्यावर. पांढरी चारला डी चे कॉर्ड, कॅपो तिसऱ्यावर. जी च्या कुटुंबात सा चा कॉर्ड जी, म चा सी आणि प चा डी. या तिघांत पुष्कळ गाणी निघतात, आणि उदास ओळ आली की ई मायनर असतोच.

कॅपो फ्रेटच्या पट्टीला लागून, तिच्या मागे बसवा. लावल्यावर सूर पुन्हा तपासा, कारण दाबाने तारा किंचित चढतात.

भजनी मंडळात हार्मोनियमसोबत बसणार असाल तर ट्यूनरवर डोळे झाकून विसंबू नका. हार्मोनियमचे सूर नेहमी ४४० हर्ट्‌झला बांधलेले असतातच असं नाही, आणि जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरी असू शकते. वाजवणाऱ्याला पांढरी सहा धरून ठेवायला सांगा आणि ट्यूनरवरचा ४४० चा आकडा त्या सुराला काटा मधोमध येईपर्यंत बदला, ४४२, ४४३, जे येईल ते. मग त्याच आकड्यावर सहाही तारा लावा. गिटार पाच मिनिटांत जुळवता येते, पेटी नाही.